‘भरतनाट्यम’चं बारसं कधी झालं? शास्त्रीय नृत्यांची नावं, त्यांचे शब्द आणि त्यांची मुळं

दर वर्षी २९ एप्रिलला, म्हणजे आंतरराष्ट्रीय नृत्य दिनाला, एक मजकूर हमखास फिरतो. भारतात आठ शास्त्रीय नृत्यं आहेत, ती सगळी हजारो वर्षं जुनी आहेत, सगळी देवळात जन्मली आणि सगळ्यांचे नियम भरतमुनींनी लिहून ठेवले, असा त्याचा साधारण आशय असतो.

यातलं काही खरं आहे, काही अर्धवट खरं आहे आणि काही अगदी अलीकडचं आहे. ‘भरतनाट्यम’ हे आज सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव या नृत्याला चिकटून अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. ‘ओडिसी’ हे नाव तर स्वातंत्र्यानंतर रूढ झालं. म्हणून ही नृत्यं नवी आहेत का? तसंही नाही. नाव, नृत्य आणि ग्रंथ या तीन गोष्टींचं वय वेगवेगळं आहे, आणि गोंधळ होतो तो तिन्हींची एकत्र मोट बांधल्यामुळे.

हा प्रश्न फक्त पंडितांच्या वादाचा नाही. नृत्याचं नाव बदललं तेव्हा ते नाचणारी माणसंही बदलली. कोणाला मंच मिळाला, कोणाच्या हातून तो गेला, हे त्या नावांच्या इतिहासात दडलेलं आहे.

नाट्यशास्त्रात नेमकं काय आहे?

भरतमुनींच्या नावावर असलेलं नाट्यशास्त्र साधारणपणे इसवी सनपूर्व २०० ते इसवी सन २०० या काळातलं मानलं जातं. ते एका माणसाने एका बैठकीत लिहिलं असेल असं बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. त्यात ३६ अध्याय आहेत (काही प्रतींत ३७) आणि सुमारे सहा हजार श्लोक.

पण हा नृत्याचा नव्हे, नाटकाचा ग्रंथ आहे. रंगमंच कसा बांधावा, नटाने कसं बोलावं, वेश कसा असावा, वाद्यं कोणती, रस म्हणजे काय, असं सगळं त्यात येतं. नृत्य हा या मोठ्या पसाऱ्यातला एक भाग. त्याच्या चौथ्या अध्यायात १०८ ‘करणं’ सांगितली आहेत. करण म्हणजे हात, पाय आणि शरीराची एकत्रित हालचाल. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात यातली ८१ करणं कोरलेली आहेत आणि उरलेल्या जागा कोऱ्या आहेत. चिदंबरमच्या गोपुरांवरही ही करणं दिसतात.

नाट्यशास्त्रात भरतनाट्यम, कथक, ओडिसी यांपैकी एकही नाव नाही. त्यात चार ‘प्रवृत्ती’ आहेत, म्हणजे वेगवेगळ्या प्रदेशांच्या रंगभूमीच्या चाली: दाक्षिणात्या, आवंती, ओड्रमागधी आणि पांचालमध्यमा. ओडिसीचे अभ्यासक आपलं मूळ ‘ओड्रमागधी’शी जोडतात ते यावरून.

मराठी वाचकाला ठाऊक असावी अशी गोष्ट म्हणजे संपूर्ण नाट्यशास्त्राची छापील आवृत्ती पहिल्यांदा निघाली ती मुंबईत. निर्णयसागर छापखान्याच्या ‘काव्यमाला’ या मालेत १८९४ साली. त्याआधी हा ग्रंथ हस्तलिखितांत होता. आज प्रत्येक नृत्यवर्गात ‘भरतमुनींनी असं सांगितलंय’ हे वाक्य ऐकू येतं, त्याला ग्रंथ सहज हाती येणं हेही एक कारण आहे.

नृत्त, नृत्य, नाट्य: फरक काय?

हे तीन शब्द सारखे वाटतात, पण त्यांत मोठा फरक आहे.

नृत्त म्हणजे शुद्ध नाच. त्यात गोष्ट नसते, अर्थ नसतो; असते ती लय, ताल आणि शरीराची रेषा. कथकमधला तोडा किंवा भरतनाट्यममधला जतिस्वरम् हे नृत्त.

नृत्य म्हणजे भावासह नाच. गाण्याचे शब्द हातांतून आणि चेहऱ्यातून सांगितले जातात. भरतनाट्यममधलं पदम् किंवा कथकमधली ठुमरी हे नृत्य.

नाट्य म्हणजे पात्रं, संवाद आणि कथानकासह उभा केलेला प्रयोग. कथकली आणि कुचिपुडी यांचं मूळ इथे आहे.

ही तीन खणांची मांडणी नाट्यशास्त्रात इतकी नेटकी नाही. ‘नृत्य’ आणि ‘नृत्त’ यांचा स्पष्ट भेद दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या ‘दशरूपका’त आणि पुढच्या ग्रंथांत दिसतो.

याच्या जोडीला येतो ‘अभिनय’. आज आपण हा शब्द सिनेमातल्या कामासाठी वापरतो. शास्त्रात तो चार प्रकारचा आहे: आंगिक (शरीराने), वाचिक (शब्दाने), आहार्य (वेश, रंगभूषा, दागिने) आणि सात्त्विक (आतून उमटणारे भाव, जसे घाम फुटणं, थरथरणं, डोळे भरून येणं). म्हणजे घुंगरू आणि शालू हादेखील अभिनयाचाच भाग.

रसांचंही तसंच. ‘नवरस’ हा शब्द आपल्या जिभेवर आहे, पण नाट्यशास्त्राच्या मूळ मांडणीत रस आठ. शांत हा नववा रस पुढे आला आणि साधारण इसवी सन १००० च्या सुमाराला काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी त्याची जोरदार बाजू मांडली.

तांडव म्हणजे शंकराचा राग, हे कितपत खरं?

‘तांडव’ म्हटलं की आपल्याला विध्वंस आठवतो. ‘आगीचं तांडव’, ‘पुराचं तांडव’ असे मथळे रोज दिसतात. नाट्यशास्त्रातली कथा वेगळी आहे. शिवाच्या सांगण्यावरून तंडू नावाच्या गणाने भरतांना हे नृत्त शिकवलं, म्हणून ते तांडव. त्यात १०८ करणं येतात, आणि ती सगळी काही उग्र नाहीत; कित्येक अगदी नाजूक आहेत.

तांडव पुरुषी आणि लास्य बायकी, तांडव शंकराचं आणि लास्य पार्वतीचं, ही जोडी नंतरच्या ग्रंथांत घट्ट झाली.

‘मुद्रा’ हा शब्दही असाच. मराठीत मुद्रा म्हणजे शिक्का, मुद्रा म्हणजे चेहराही. नृत्यातल्या हाताच्या खुणांना नाट्यशास्त्रात आणि अभिनयदर्पणात ‘हस्त’ म्हणतात. एका हाताचे ते असंयुत, दोन्ही हातांचे ते संयुत. नाट्यशास्त्र २४ असंयुत आणि १३ संयुत हस्त सांगतं. नंदिकेश्वराच्या नावावर असलेलं ‘अभिनयदर्पण’ २८ असंयुत हस्त सांगतं, आणि आज बहुतेक नृत्यवर्गांत मुलं पताक, त्रिपताक, अर्धपताक असं जे पाठ करतात ते याच ग्रंथातून आलं आहे. ‘मुद्रा’ हा शब्द पूजाविधी आणि तंत्रमार्गातून आलेला. केरळमध्ये कथकलीत मात्र तो नृत्यासाठीही पक्का रुळला आहे. तिथे ‘हस्तलक्षणदीपिका’ या ग्रंथातल्या २४ मुद्रा पायाभूत मानतात.

देवगिरीत लिहिलेला ग्रंथ

नृत्याच्या शब्दांचा इतिहास सांगताना महाराष्ट्रातलं एक ठिकाण टाळता येत नाही: देवगिरी, आजचं दौलताबाद. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचा सातवा आणि शेवटचा अध्याय नृत्याचा.

या काळातल्या ग्रंथांत एक जोडी सतत येते: ‘मार्ग’ आणि ‘देशी’. मार्ग म्हणजे जुन्या शास्त्राने घालून दिलेली वाट, आणि देशी म्हणजे त्या त्या प्रदेशात लोकांना रुचणारं, बदलत राहणारं. शार्ङ्गदेवाने दोन्हींची नोंद केली. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही ‘ग्रंथातलं’ आणि ‘आज लोक नाचतात ते’ यांत अंतर पडलेलं होतं, आणि देशीला हलकं न मानता तिचीही नोंद घ्यावी असं शास्त्रकाराला वाटलं. आपल्या आजच्या ‘शास्त्रीय’ आणि ‘लोक’ या कप्प्यांपेक्षा ही दृष्टी बरीच मोकळी आहे.

भरतनाट्यम: सदिर ते सभागृह

आता मुख्य प्रश्न. आज ज्याला भरतनाट्यम म्हणतात त्याला एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘सदिर’, ‘दासीआट्टम’, ‘चिन्नमेळम्’ अशी नावं होती. ते नाचायच्या देवदासी. देवळातले विधी, मिरवणुका, दरबार, श्रीमंतांच्या घरची लग्नं, सगळीकडे त्यांचं नृत्य असे. त्यांना शिकवणारे आणि झांजा घेऊन बोल म्हणणारे गुरू म्हणजे नट्टुवनार. ही विद्या घराण्यांतून चालत आली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मद्रास प्रांतात नाचाविरुद्ध मोहीम सुरू झाली. मुलींना देवाला सोडण्याच्या प्रथेतून होणारं शोषण हे तिचं खरं आणि गंभीर कारण होतं. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी या तिच्या प्रमुख नेत्या. त्यांच्या आईचा जन्म याच समाजातला. मुंबई प्रांतात १९३४ साली आणि मद्रासमध्ये १९४७ साली मुली देवाला सोडण्याविरुद्ध कायदे झाले. मद्रासच्या कायद्याने देवळाच्या आवारातला नाचही बंद केला.

याच वेळी वकील ई. कृष्ण अय्यर आणि १९२८ साली सुरू झालेली मद्रास म्युझिक अकादमी ही कला वाचवायला पुढे आली. ‘सदिर’ आणि ‘नाच’ या शब्दांना बदनामी चिकटली होती. म्हणून १९३०च्या दशकात ‘भरतनाट्यम’ हे नाव पुढे करण्यात आलं. हा शब्द त्याआधी नव्हताच असं नाही. पण या विशिष्ट नृत्याचं रूढ नाव तो तेव्हा झाला. भाव, राग आणि ताल यांची आद्याक्षरं मिळून ‘भरत’, ही फोडही लोकप्रिय आहे. लक्षात ठेवायला ती छान आहे, पण ती व्युत्पत्ती नव्हे. संस्कृतात ‘भरत’ म्हणजे नटही.

१९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या समारंभात हे नृत्य केलं. प्रतिष्ठित ब्राह्मण घरातली स्त्री हे नाचते ही त्या काळी खळबळ होती. १९३६ साली त्यांनी कलाक्षेत्र ही संस्था काढली. वेशभूषा, दागिने, मंचावरची नटराजाची मूर्ती, सामूहिक नृत्यनाट्यं असं आजचं भरतनाट्यमचं रूप बरंच त्यांनी घडवलं. शृंगाराची पदं त्यांनी कमी केली आणि भक्तीवर भर दिला.

दुसऱ्या बाजूला होत्या टी. बालसरस्वती (१९१८–१९८४). देवदासी घराण्यातल्या, वीणा धनम्मळ यांची नात. शृंगार हा या नृत्याचा गाभा आहे, तो गाळून शुद्धी करण्याची गरज नाही, ही त्यांची ठाम भूमिका होती.

रुक्मिणीदेवींनीही शिकलं ते मैलापूर गौरी अम्माळ आणि पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे, म्हणजे जुन्या घराण्यांतल्या गुरूंकडेच. मात्र पुढच्या काही दशकांत मंचावर मध्यमवर्गीय, बहुतांश ब्राह्मण मुली आल्या आणि देवदासी घराण्यांतल्या बायका जवळपास दिसेनाशा झाल्या. प्रथा थांबली हे चांगलंच झालं. पण प्रथेबरोबर त्या कलावंत स्त्रियांची कला आणि उपजीविकाही गेली, आणि तीच कला नव्या नावाने प्रतिष्ठित झाली. आजही या घराण्यांचे वंशज हा प्रश्न विचारतात: आमच्या आज्यांनी नाचलं तर ते लाजिरवाणं आणि तुम्ही नाचलात तर ती संस्कृती, असं का?

तंजावरचे मराठे कुठे येतात?

भरतनाट्यमच्या प्रयोगाचा आजचा क्रम, म्हणजे ‘मार्गम्’, बहुतेकांना ठाऊक असतो: अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना. हा क्रम बसवण्याचं श्रेय ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार भावांना दिलं जातं: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु. ते होते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तंजावरच्या मराठा दरबारात, सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळात.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्यापासून सुरू झालेलं हे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकलं. दरबारात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी अशा चार भाषा नांदत होत्या. सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी ‘निरूपणं’ आहेत. मुंबईचे गुरू आचार्य पार्वतीकुमार यांनी विसाव्या शतकात ती अभ्यासून पुन्हा मंचावर आणली आणि ‘तंजावूर नृत्य प्रबंध’ हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या शिष्या डॉ. सुचेता भिडे-चापेकर यांनी पुढे हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यमची ‘नृत्यगंगा’ ही शैली उभी केली.

‘सदिर’ या शब्दाचाही धागा काही अभ्यासक आपल्याकडे आणतात. मराठीत आपण कार्यक्रम ‘सादर’ करतो. हा अरबी-फारसीतून आलेला दरबारी शब्द तंजावरला पोचला आणि ‘सदिर’ झाला, असं त्यांचं म्हणणं. ‘शब्दम्’च्या जुन्या रचनांत शेवटी राजाला किंवा देवाला ‘सलाम’ येतो, हीदेखील त्या दरबाराचीच खूण.

बडोद्याची एक कडी यात जोडायला हवी. सयाजीराव गायकवाड तिसरे यांची पहिली पत्नी चिमणाबाई तंजावरची. त्या लग्नाबरोबर तंजावरचे नट्टुवनार आणि नर्तकीही बडोद्याला आल्या. ‘भरतनाट्यम’ हे नाव रूढ होण्याच्या पन्नास वर्षं आधी हे नृत्य मराठी राजघराण्याच्या दरबारात पश्चिम भारतात पोचलं होतं.

कथक: कथेकरी की दरबार?

‘कथक’ हा शब्द ‘कथा’वरून आला, आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत तो कथा सांगणाऱ्यासाठी येतो. आपल्याकडचा कथेकरी किंवा कीर्तनकार डोळ्यांसमोर आणा. पण तो कथेकरी आणि आजचं कथक नृत्य यांत सरळ, न तुटलेली रेषा ओढणं कठीण आहे.

आजच्या कथकचं रूप मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लखनौ, जयपूर आणि बनारस या केंद्रांत घडलं. लखनौचा नवाब वाजिद अली शाह (कारकीर्द १८४७–१८५६) याच्या दरबाराचा त्यात मोठा वाटा. तिथले कथक घराण्यातले पुरुष गुरू होते, तशा तवायफही होत्या. ठुमरी, अदा, बैठकीतला भाव यांत त्या निष्णात होत्या. बिंदादीन महाराज, कालकाप्रसाद, पुढे अच्छन, लच्छू आणि शंभू महाराज, आणि आपल्या पाहण्यातले बिरजू महाराज (१९३८–२०२२), ही पुरुषांची वंशावळ सगळ्यांना पाठ असते. तवायफांची नावं मात्र फारशी कोणी सांगत नाही.

कथकचे शब्दच त्याचा इतिहास सांगतात. ‘आमद’ म्हणजे फारसीत आगमन. ‘सलामी’, ‘अदा’, ‘नजाकत’ हे दरबारातले. ‘परण’ पखवाजाकडून आली. ‘ठाट’, ‘गत’, ‘तोडा’, ‘तुकडा’ हे हिंदीपट्ट्यातले. ‘ताल’, ‘लय’, ‘वंदना’ संस्कृत. एकाच प्रयोगात गणेशवंदना आणि सलामी एकापाठोपाठ येतात. यातलं एक खरं आणि दुसरं बाहेरचं असं म्हणायला लागलो तर नृत्यच उरत नाही.

महाराष्ट्रात कथकला प्रतिष्ठा मिळवून देण्यात दोन नावं महत्त्वाची. मॅडम मेनका (लीला सोखी) यांनी १९३०च्या दशकात खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. आणि रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली.

ओडिसी आणि कुचिपुडी: पुरुष, स्त्रिया आणि वेश

भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीच्या राणीगुंफेत इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचं नृत्याचं शिल्प आहे. ओडिशातल्या नृत्यपरंपरेचं वय सांगताना त्याचा दाखला देतात. परंपरा जुनी आहेच. पण आजची ओडिसी दोन जिवंत धाग्यांतून विणली गेली. एक, पुरीच्या जगन्नाथ मंदिरातल्या ‘माहारी’, म्हणजे देवदासी. दोन, ‘गोटिपुअ’, म्हणजे मुलीचा वेश करून नाचणारी मुलं (‘गोटि’ म्हणजे एक, ‘पुअ’ म्हणजे मुलगा).

१९५०च्या दशकात केलुचरण महापात्र, पंकजचरण दास, देवप्रसाद दास आदी गुरू एकत्र आले. ‘जयंतिका’ या गटाने बैठका घेऊन नृत्याचा क्रम, शब्द आणि तंत्र ठरवलं. केलुचरण स्वतः गोटिपुअ म्हणून वाढलेले. पंकजचरण माहारी घरातले. ‘ओडिसी’ हे नाव रूढ करण्याचं श्रेय सामान्यतः कवी कालीचरण पटनायक यांना दिलं जातं. पुरीच्या माहारी शशिमणी देवी २०१५ साली गेल्या, तेव्हा ओडिसी जगभर पोचली होती.

कुचिपुडी हे आंध्रातल्या कृष्णा खोऱ्यातल्या एका गावाचं नाव. तिथले ब्राह्मण पुरुष, ‘भागवतुलु’, गावोगाव नृत्यनाटकं करायचे. स्त्रीपात्रंही तेच करत. सिद्धेंद्र योगींच्या नावावर असलेल्या ‘भामाकलापम्’मधली सत्यभामा हा त्यांचा कळसाध्याय. आपल्या बालगंधर्वांची आठवण व्हावी, असे वेदांतम् सत्यनारायण शर्मा त्या भूमिकेसाठी गाजले. पुढे वेम्पटि चिन्नसत्यम् यांनी मद्रासमध्ये मुलींना शिकवलं आणि कुचिपुडी एकट्या स्त्रीचं नृत्य म्हणूनही प्रसिद्ध झालं.

त्याच तेलुगू मुलखात नृत्य करणाऱ्या स्त्रियांचा वेगळा समाज होता: ‘कलावंतुलु’. शब्द ओळखीचा वाटतो ना? गोव्यातला ‘कलावंत’ समाज आणि मराठीतली ‘कळवंतीण’ याच शब्दाची भावंडं. कला असलेली ती कलावंत, एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्यात हिणकसपणा नंतर भरला गेला. म्हणूनच गोव्यात या समाजाने ‘गोमंतक मराठा समाज’ आणि तमिळनाडूत तिथल्या समाजाने ‘इसै वेळ्ळाळर’ अशी नवी ओळख घेतली.

केरळ, मणिपूर, आसाम

कथकली म्हणजे मल्याळममध्ये ‘कथेचा खेळ’. नाव कथकसारखं वाटतं, पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. साधारण सतराव्या शतकात कोट्टारक्करा तंपुरान यांच्या ‘रामनाट्टम्’मधून ते विकसित झालं. त्यातले रंग म्हणजे पात्रांची ओळख: ‘पच्चा’ (हिरवा) म्हणजे धीरोदात्त नायक, ‘कत्ति’ (सुरी) म्हणजे रावणासारखे गर्विष्ठ, ‘ताडि’ (दाढी), ‘करि’ (काळा) आणि स्त्रिया व ऋषींसाठी ‘मिनुक्कु’. केरळचंच मोहिनीआट्टम म्हणजे मोहिनीचं नृत्य. ‘आट्टम’ म्हणजे नाच. कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० साली सुरू केलेल्या केरळ कलामंडलमने दोन्हींना नवं आयुष्य दिलं.

‘मणिपुरी’ हे बाहेरच्यांनी दिलेलं सरसकट नाव. तिथे नाचाला ‘जगोइ’ म्हणतात, आणि ‘लाइ हराओबा’ हा देवतांचा उत्सव वैष्णव रासाच्याही आधीचा. राजर्षी भाग्यचंद्र यांच्या काळात, १७७९ साली, महारास सुरू झाला. १९१९ साली सिल्हेट भागात रवींद्रनाथ ठाकुरांनी हे नृत्य पाहिलं आणि ते शांतिनिकेतनात नेलं. मुंबईत ते रुजवलं झवेरी भगिनी आणि गुरू बिपिन सिंह यांनी.

आसामचं सत्रिय हे श्रीमंत शंकरदेवांच्या (१४४९–१५६८) वैष्णव मठांतून, म्हणजे ‘सत्रां’तून आलं. कित्येक शतकं ते मठातले पुरुष साधकच करत. ‘शास्त्रीय’ म्हणून त्याला मान्यता मिळाली ती २००० साली.

मग आठ की नऊ?

‘शास्त्रीय’ हा शिक्का कोण मारतं? १९५३ साली दिल्लीत संगीत नाटक अकादमीचं काम सुरू झालं. तिच्या मान्यतेनुसार आठ नृत्यं: भरतनाट्यम, कथक, कथकली, कुचिपुडी, ओडिसी, मणिपुरी, मोहिनीआट्टम आणि सत्रिय. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या शिष्यवृत्ती योजनांत छाऊ धरून नऊ. म्हणून दोन्ही आकडे फिरत असतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

यातून कळतं ते असं की ही यादी भरतमुनींची नाही, सरकारी व्यवस्थेची आहे आणि ती बदलू शकते. केरळचं कूटियाट्टम ही संस्कृत रंगभूमीची जिवंत परंपरा. तिचं नाव यादीत नाही, कारण ती ‘नाट्य’ या खात्यात मोडते. आपली लावणी ‘लोककला’ या खात्यात. लावणीला पक्का ताल आहे, बैठकीच्या लावणीत एकाच ओळीवर वेगवेगळ्या अदा करण्याची कसलेली परंपरा आहे, गुरू-शिष्य परंपराही आहे. तरी यादीत नसल्यामुळे शिष्यवृत्ती, विद्यापीठातलं स्थान आणि परदेशी दौरे यांच्या रांगेत तिचा नंबर मागे लागतो. कोणत्या नृत्याला ‘शास्त्रीय’ म्हणायचं हा प्रश्न म्हणूनच कोणाच्या तरी पोटाचाही प्रश्न असतो.

मजकूर पुढे पाठवण्याआधी

‘पाच हजार वर्षं जुनं नृत्य’ असं लिहिलेलं दिसलं की बहुधा सोबत मोहेंजोदडोची ‘नर्तकी’ असते. ती साडेदहा सेंटिमीटरची कांस्यमूर्ती साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. ‘नर्तकी’ हे नाव तिला विसाव्या शतकातल्या संशोधकांनी तिच्या उभं राहण्याच्या ढबीवरून दिलं. ती नाचते आहे याचा दुसरा पुरावा नाही, आणि ती भरतनाट्यम करत नाही हे तर नक्की.

असा दावा दिसला की तीन गोष्टी वेगळ्या करून पाहा. ग्रंथ किती जुना? ही विशिष्ट शैली कधी घडली? आणि आजचं नाव कधी रूढ झालं? भरतनाट्यमच्या बाबतीत उत्तरं अशी येतात: ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांचा, आजच्या प्रयोगाचा क्रम सुमारे दोनशे वर्षांचा, नाव शंभरीच्या आतलं. तिन्ही खरी आहेत आणि एक दुसरीला खोटं पाडत नाही.

आणि मग चौथा प्रश्न: हे नृत्य इथवर आणलं कोणी? त्याच्या उत्तरात देवळं आणि मुनी येतात, तसेच तंजावरचे नट्टुवनार, लखनौच्या तवायफ, पुरीच्या माहारी, ओडिशातली गोटिपुअ मुलं आणि आसामचे मठवासीही येतात. पुढच्या वेळी कोणाच्या अरंगेत्रमची पत्रिका हातात पडली, की नटराजाच्या चित्राखाली गुरूंच्या गुरूंचं नाव शोधा. दोन-तीन पिढ्या मागे गेलात तर यांच्यापैकी कोणीतरी नक्की भेटेल.